आई-अण्णांना घेऊन पोर्तुगाल : देवस्थानं, जुनी बांधकामं आणि माळकरी माणसाचं जेवण

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी.

माझा धाकटा भाऊ दोन वर्षांपासून पोर्तोला नोकरीला आहे. येत्या मे महिन्यात त्याने आई-अण्णांना आणि मला तिकडे बोलावलंय. हातात अकरा दिवस आहेत. दोघांचाही पहिलाच परदेश, कदाचित शेवटचाही. म्हणून चूक होऊ द्यायची नाही.

आई सहासष्ट वर्षांची. गळ्यात माळ आहे, दर वर्षी आषाढीला पायी जाते. अंडंसुद्धा चालत नाही, एकादशी कडक. पोर्तुगालचं नाव काढल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "तिथं देवस्थानं कोणती हायत?" देव कुणाचा, हे तिनं विचारलं नाही.

अण्णांनी चाळीस वर्षं गवंडीकाम केलं. किल्लारीच्या भूकंपानंतर पुनर्वसनाच्या गावांतही ते तीन वर्षं कामावर होते. कुठल्याही जुन्या इमारतीसमोर गेले की आधी हात फिरवून दगडाचा सांधा बघतात. वेरूळला दिवसभर होते, तरी निघताना कमी पडलं म्हणाले.

एका सहल कंपनीकडे चौकशी केली. त्यांनी नऊ दिवसांत आठ शहरं दाखवणारा कागद हातात ठेवला. प्रत्येक ठिकाणी पाऊण तास. असं मला नको आहे. थोडी ठिकाणं, पण नीट बघायची आहेत. कुठली निवडू? आणि आईनं तिथं खायचं काय? भाऊ म्हणतो, "सगळीकडे मासेच दिसतात." कुणी राहून आलं असेल तर सविस्तर लिहा.

गोदातीर (नांदेड)

नवऱ्याच्या संशोधनाच्या निमित्ताने आम्ही कोइम्ब्राला पावणेदोन वर्षं होतो. जेवणाचं मी सांगते, बांधकामाचं जाणकार सांगतील.

आधी आईंना एक सांगा. तिथल्या बाजारात गेलं की अर्धे शब्द ओळखीचे निघतात. बटाट्याला बताता, पावाला पाँव, कोबीच्या जातीच्या भाजीला कोव्ह, चावीला शाव्ह, बादलीला बाल्द. अननस, काजू तर जवळपास जसेच्या तसे. हे शब्द त्यांच्याकडूनच गोव्यामार्गे आपल्या घरात आले. पहिल्या आठवड्यात मला कुणाशी बोलता येत नव्हतं, तेव्हा भाजीवाल्या बाईनं टोपलीकडे बोट दाखवून "बताता?" विचारलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आता अडचण. साध्या दिसणाऱ्या पदार्थातही मांस किंवा मासा लपलेला असतो. काल्दु व्हेर्द म्हणजे हिरवं सूप, घरोघरी होतं. बटाटा घोटून त्यात दोऱ्यासारखी बारीक चिरलेली कोव्ह घालतात. बाजारात बायका ती पानं हातयंत्रातून फिरवून ढीग करून ठेवतात, बघत राहावं असं काम. पण वाढताना वर शोरीसोची, म्हणजे डुकराच्या सॉसेजची चकती टाकतात. ती काढून टाकली तरी कढताना आत होती का, हे विचारावंच लागतं. भाताचं आणि घेवड्याचंही तेच. म्हणून हे वाक्य आईंनाही पाठ करू द्या : "साँय कार्न, साँय पेइश, साँय ओव्हु." मांस नको, मासा नको, अंडं नको. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं तर काही ठिकाणी मासा चालतो असं धरतात.

गोड खाणार असाल तर तुम्ही दोघं भाऊ खा, आईंना विचारू नका. तिथली बहुतेक नावाजलेली मिठाई मठांतून आलेली आहे आणि ती अंड्याच्या बलकावर उभी आहे. पांढरा भाग मठातल्या कपड्यांना खळ द्यायला जायचा आणि उरलेल्या बलकाचं साखर घालून गोड व्हायचं, असं तिथं सांगतात. लिस्बनच्या बेलेंमध्ये १८३७ पासून विकला जाणारा पास्तेल हा छोटा गोल पदार्थ त्याच घराण्यातला. १८३४ मध्ये सरकारनं मठ बंद केले, आणि शेजारच्या जेरोनिमुश मठातली कृती बाहेर दुकानात आली. आईंसाठी मार्मेलाद घ्या. क्विन्स नावाच्या फळाची घट्ट वडी असते, अंडं नाही, दूध नाही, चव आंबट-गोड. त्या दिवसांत चेरी आणि लोकाट ही फळंही भरपूर मिळतात.

माझा जीव मात्र कोथिंबिरीत अडकला. युरोपात राहणाऱ्या मैत्रिणी कोथिंबिरीसाठी तळमळायच्या आणि मी तिची जुडी मंडईतून आणायचे. दक्षिणेकडे आलेंतेज प्रांत आहे, तिथं तिच्यावाचून स्वयंपाक होत नाही. आमच्या घरमालकीणबाई तिकडच्या. त्यांनी मला आसोर्द शिकवलं. लसूण, जाडं मीठ आणि मूठभर कोथिंबीर खलबत्त्यात कुटायची, वर ऑलिव्हचं तेल, मग उकळतं पाणी, आणि त्यात शिळ्या पावाचे तुकडे. लसणीचा वास दाराबाहेर जायचा. मला शिळ्या भाकरीचा काला आठवायचा. वर अंडं सोडतात, ते नको म्हणून सांगायचं, आणि पाणी माशाचं नाही ना एवढं विचारायचं. घरी तर पंधरा मिनिटांचं काम.

म्हणून हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेलं घर भाड्यानं घ्या. लिस्बनला मार्तिं मोनीश भागात तूरडाळ, साबुदाणा, सगळं मिळतं. लुमियार भागात हिंदू समाजाचं राधाकृष्ण मंदिर आहे, तिथं शाकाहारी जेवणाची सोय असते. ते सांभाळणारे बहुतेक मोझांबिकमार्गे आलेले गुजराती आहेत. एकादशी तिथं जवळपास काढता येईल. मक्याचा ब्रोआ नावाचा जड पाव मिळतो, तो शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाऊन बघा. चटणी न्या. तूप, पेढे, खवा नेऊ नका, बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला तिकडे बंदी आहे.

आणि एक. हॉटेलात बसल्या बसल्या पाव, ऑलिव्ह, चीज समोर आणून ठेवतात. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत करा.

तेरणाकाठ (औसा, सध्या पुणे)

मांजराकाठ, तुमचे अण्णा पुनर्वसनाच्या कामावर होते हे वाचलं आणि लिहायला बसलो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मी तेरा वर्षांचा होतो. आदल्या रात्री गणपती बोळवून आम्ही पोरं उशिरा झोपलो होतो. आजीच्या घराच्या दोन्ही लांब भिंती बाहेरच्या अंगाला गेल्या. दगड आणि माती, त्यांना बांधून धरणारं आत काही नव्हतंच. पण खणाचे सागवानी खांब उभे राहिले आणि त्यांनी माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, डोक्यावर धरून ठेवलं. त्या माळवदाखाली मी, आजी आणि धाकटी बहीण होतो. शेजारच्या घरात खांब नव्हते. पुढे मी स्थापत्य शिकलो ते त्या खांबांमुळे.

म्हणून लिस्बनमध्ये अण्णांना सगळ्यांत आधी कार्मोच्या पडक्या मठात न्या. बेलें, किल्ला, सगळं नंतर.

लिस्बनचा भूकंप १ नोव्हेंबर १७५५ चा. सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्च माणसांनी भरलेली, जागोजागी मेणबत्त्या पेटलेल्या. जमीन हलली, मग समुद्र आत आला, आणि त्या मेणबत्त्यांनी आणि चुलींनी लागलेली आग कित्येक दिवस शहर जाळत राहिली. सणाचा दिवस आणि गाढ विश्वासानं एकत्र आलेली माणसं. आपल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

कार्मोचा मठ १३८९ मधला. त्याच्या चर्चचं छत त्या दिवशी खाली आलं. नंतर दुरुस्ती सुरू झाली, ती अर्ध्यावर थांबली, आणि पुढे ते तसंच ठेवलं. आज आत गेलात की दोन्ही बाजूंना खांब, त्यांच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेल्या टोकदार कमानी आणि वर सरळ आकाश. बरगड्या उरल्यात आणि अंग गेलंय, असं दिसतं. खाली हिरवळ. मी मायला २०२३ च्या मेमध्ये नेलं होतं. ती बराच वेळ वर बघत होती. मग म्हणाली, "छत न्हाई घातलं व्हय यांनी परत?" मी सांगितलं, मुद्दाम नाही घातलं. ती तिथल्या एका दगडावर बसली. म्हणाली, "आपल्या जुन्या गावात बी एक घर असंच ठिवायला पायजे होतं."

तिथून उतरून पाच-सात मिनिटांत बायशा भागात येता. सरळ रस्ते, एकसारख्या इमारती. भूकंपानंतर मार्केस द पोंबाल या मंत्र्याच्या हाताखाली हा भाग नव्यानं उभारला. अण्णांना सांगा, या भिंतींच्या आत लाकडी पिंजरा आहे. उभे-आडवे वासे आणि प्रत्येक चौकोनात फुलीसारखे तिरके वासे, त्यात दगड-विटांचा भराव. त्याला गायोला म्हणतात, अर्थच पिंजरा. नमुना उभा करून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावलं आणि तो टिकतो का ते पाहिलं, अशी नोंद सांगितली जाते. भूकंपासाठी विचार करून बांधलेल्या युरोपातल्या पहिल्या इमारतींत यांची गणना होते. बाहेरून काही दिसत नाही, सगळं गिलाव्याखाली. पण मी एका दाराशी उभा राहून भिंतीला हात लावला तेव्हा आजीचे खांब आठवले. दगड ताण सोसत नाही, लाकूड थोडं वाकून सोसतं. आपल्या जुन्या सुतारांना खण बांधताना हे कळत होतं. भिंतीला तो आधार देऊन बांधायचं मात्र राहून गेलं.

जवळच रोसियु चौकाच्या कोपऱ्यावर साँव दोमिंगुश चर्च आहे. त्याला १७५५ नं मोडलं आणि १९५९ च्या आगीनं जाळलं. आतले खांब उष्णतेनं फुटलेले, तडकलेले, तसेच ठेवलेत आणि त्यांच्यामध्ये रोज प्रार्थना होते. पैसे लागत नाहीत, दहा मिनिटं बसा.

जेरोनिमुशला जालच. १५०१-०२ च्या सुमारास काम सुरू झालं, पैसा मसाल्याच्या व्यापारावरच्या करातून आला. म्हणजे आपल्या मलबारच्या मिऱ्यांनी ते दगड घडवले. वास्को द गामाचं थडगं दाराशीच आहे. मला मात्र मठाचा आतला चौक आवडला. खांबांवर दोरखंड, गाठी, पानं, समुद्रातले जीव इतके बारीक कोरलेत की अण्णांना तिथून उठवावं लागेल. ते जहाजवाले इथून मिरी घेऊन गेले आणि अमेरिकेतली मिरची आपल्याकडे सोडून गेले, हे आईंना ठेचा खाताना सांगा.

आता आईंचं देवस्थान : फातिमा. लिस्बनपासून सुमारे सव्वाशे किलोमीटर. बसनं दीड तास. रेल्वेनं जाऊ नका, फातिमा नावाचं स्टेशन गावापासून बरंच लांब आहे. सहलवाले इथं पाऊण तास देतात. तुम्ही दोन रात्री मुक्काम करा. माझं ऐका आणि इथं अजिबात काटकसर करू नका.

१९१७ मध्ये १३ मे ते १३ ऑक्टोबर या काळात लुसिया, फ्रान्सिश्कु आणि जासिंता या मेंढरं राखणाऱ्या तीन लेकरांना इथं माता मेरीनं दर्शन दिलं, अशी श्रद्धा. माळरानच होतं ते. आज पंढरपूरच्या वाळवंटासारखं प्रचंड मोकळं पटांगण आहे, एका टोकाला जुनं शिखराचं चर्च, दुसऱ्या टोकाला २००७ मध्ये झालेलं नवं गोल चर्च, आणि मध्ये एका बाजूला दर्शनाच्या जागेवरची छोटीशी चौफेर उघडी देवळी. गर्दी त्या देवळीपाशी असते, मोठ्या चर्चपाशी नाही. मायला ते लगेच कळलं.

पटांगणात देवळीकडे उतरत जाणारी गुळगुळीत दगडाची एक पट्टी आहे. नवस बोललेली माणसं त्या पट्टीवरून गुडघ्यांवर चालत येतात. आम्ही पाहिलं ती तिशीतली मुलगी होती, तिच्या काखेत तान्हं बाळ, आणि तिची आई शेजारून वाकून तिचा हात धरून चाललेली. माय म्हणाली, "गुडघं फुटतील की लेकराचं." मग पायातल्या चपला काढल्या आणि त्या दोघींच्या मागं मागं शेवटपर्यंत गेली. पुढे मेणाचे हात, पाय, डोकी विकतात. ज्याचा जो अवयव दुखतो तो घ्यायचा आणि तिथल्या मोठ्या आगीत वाहायचा. तुळजापूरला आपण चांदीचे डोळे वाहतो, तेव्हा मायला यातलं काही समजावून सांगावं लागलं नाही.

रात्री साडेनऊला मेणबत्त्यांची मिरवणूक निघते. ईस्टरपासून ऑक्टोबरपर्यंत रोज. मेणबत्तीला कागदाची टोपडी असते, वारा लागू नये म्हणून, त्याच्यावर गाण्याचे शब्द छापलेले. पालुपद आलं की हजारो माणसं एकदम मेणबत्ती वर उचलतात. तिसऱ्या कडव्याला मायही ‘आवे’ म्हणत हात वर करायला लागली. खोलीवर आल्यावर बोटांवरचं मेण खरवडत म्हणाली, "टाळ तेवढे न्हाईत."

१२-१३ मेला तिथं लाखोंचा मेळा असतो. आठवडाभर आधीपासून रस्त्याच्या कडेनं चमकती जाकिटं घालून पायी चालणाऱ्या दिंड्या दिसतात. १३ ला मेरीची मूर्ती परत निघताना सगळं पटांगण पांढरे रुमाल हलवतं. आईंना गर्दीची सवय आहे, पण राहायची जागा त्या तारखांना फार आधीपासून भरते. तुमची तारीख बसत असेल तर आजच बघा, नाहीतर १३ नंतरची कुठलीही रात्र धरा.

फातिमाहून बाताल्याचा मठ वीसेक किलोमीटर. १४ ऑगस्ट १३८५ ची आल्जुबारोताची लढाई जिंकलो तर मठ बांधीन, असा राजा पहिला जुआँव याचा नवस होता. त्याच लढाईचा सेनापती नुनु आल्वारेश परेरा यानं पुढे लिस्बनचं कार्मो बांधलं आणि शेवटी तिथंच साधू होऊन राहिला. बाताल्यात दोन गोष्टी अण्णांना दाखवा. एक, सभागृहाचं छत : साधारण एकोणीस मीटर बाय एकोणीस मीटर, मध्ये एकही खांब नाही. कोसळेल म्हणून कामावर शिक्षा झालेले कैदी लावले होते, आणि आधार काढल्यावर बांधणारा स्वतः खाली झोपला, अशी दंतकथा आहे. दोन, मागची अपुरी राहिलेली आठ कोनी देवालयं, दाराची कोरीव चौकट जाळीसारखी आणि वर छत नाही. कार्मोचं पडलं, इथलं कधी घातलंच गेलं नाही.

आल्कोबासाचा मठ त्याच दिवशी होतो. तिथं राजा पेद्रु आणि त्याची प्रेयसी इनेश यांची थडगी पायाला पाय लावून ठेवलीत, उठल्यावर आधी एकमेकांना बघावं म्हणून. इनेशला १३५५ मध्ये मारलं होतं. स्वयंपाकघरात नदीचं पाणी थेट आणलंय, तेही बघा. एव्होरातलं हाडांचं देऊळ सगळे सुचवतील. मी मायला नेलं नाही आणि त्याचं वाईट वाटत नाही.

भाऊ पोर्तोला आहे, तर ब्रागाचं बों जेझूश एक दिवस ठेवा. डोंगरावर चर्च, नागमोडी पायऱ्या. आईंनी पायऱ्या चढाव्यात, अण्णांना शेजारच्या उतारावर रुळांवरून चालणाऱ्या गाडीत बसवा. १८८२ पासून चालते आणि वीज लागत नाही. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरतात, तो जड होऊन उतरतो आणि दोराने दुसऱ्याला वर ओढतो. खाली पाणी सोडून देतात. संभाजीनगरची पाणचक्की पाहिलेल्या माणसाला ते बघताना फार बरं वाटतं.

जालनेकर

आमचं घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे, म्हणून दोन शब्द. चर्चमध्ये कुणीही जाऊन बसू शकतं. खांदे झाकलेले असावेत, नऊवारी-सहावारीला काहीच अडचण नाही. डोक्यावरची टोपी पुरुषांनी काढायची असते, अण्णा गांधी टोपी घालत असतील तर आधी सांगून ठेवा, ऐनवेळी त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये. प्रार्थनेच्या शेवटी लोक भाकर घ्यायला रांगेत जातात, तो प्रसाद म्हणून रांगेत उभं राहू नका. तो बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असतो. बाकावर बसून राहिलं तर कुणी काही म्हणत नाही. मेणबत्ती मात्र आईंनी जरूर लावावी. आणि तिथल्या बायकांच्या हातात जपमाळ दिसेल, आईंनी आपली तुळशीची दाखवावी. भाषा लागणार नाही.

मांजराकाठ (लातूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. ताई, आई ‘साँय ओव्हु’ पाठ करतेय, चटणीचे शेंगदाणे आजच निवडायला घेतले. तेरणाकाठ दादा, तुमचं कार्मोचं आलं तेव्हा अण्णा उठून ओसरीत गेले. परत आल्यावर म्हणाले, पुनर्वसनाच्या कामात त्यांनी शेकडो घरांना लिंटेलचा पट्टा, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंती बांधून धरणारा काँक्रीटचा पट्टा, ओतला, तेव्हा साहेब लोक सांगायचे तसं करत गेले. तो का ओतायचा हे कुणी इतकं उलगडून सांगितलं नव्हतं.

असं ठरवलंय : लिस्बन चार दिवस, फातिमा तीन रात्री, उरलेले भावाकडे आणि ब्रागा. एव्होरा सोडलं. तारीख १५ मेनंतरची धरतोय.

अण्णांचा एकच प्रश्न आहे. दगड कुठला आहे? आपला काळा तर नसणार.

तेरणाकाठ (औसा, सध्या पुणे)

चुनखडीचा दगड. लिस्बनकडे त्याला लियोज म्हणतात, जेरोनिमुश त्याचंच. फिका, उन्हात पिवळसर, घासला की संगमरवरासारखा चमकतो. आपल्या बेसाल्टपेक्षा मऊ, म्हणून इतकं बारीक कोरता आलं. नीट पाहिलंत तर त्यात शिंपल्यांचे ठसे सापडतात, लिस्बनच्या पायऱ्यांतही. उत्तरेला पोर्तोकडे गेलात की दगड बदलतो, तिथं ग्रॅनाइट, करडा आणि खरबरीत. अण्णांना तो जास्त ओळखीचा वाटेल.

दिवस लावताना एवढं बघा : कार्मो रविवारी बंद, जेरोनिमुश सोमवारी. आणि फातिमाला आईंसाठी जाड स्वेटर ठेवा, मेमध्येही रात्री पटांगणात गार वारं सुटतं.